म्हशीची सुकडी

बहात्तरच्या दुष्काळात छबुबाई नऊ वर्षांची होती. आष्टीजवळ तलावाच्या कामावर आई खडी फोडायची आणि दुपारी मजुरांच्या पोरांना गूळ-पिठाची सरकारी सुकडी मिळायची. मिळायची म्हणजे चिमूटभर. बाकीची पोती साहेबराव मुकादम घरी नेऊन म्हशीला चारायचा. छबुबाईचा धाकटा भाऊ रिकामं पोतं झटकून चाटायचा. तो त्याच उन्हाळ्यात गेला. म्हैस मात्र तुकतुकीत राहिली.

छबुबाई हे विसरली नाही. विसरायला ती काय मुकादम होती?

आता मुकादमाच्या तोंडात एकही दात नाही आणि सुना त्याला विचारत नाहीत. परवा तो काठी टेकत येऊन छबुबाईच्या ओट्यावर बसला. आत ती नातवासाठी सुकडी भाजत होती.

"छबे, वाटीभर दे की. मऊ हाय, मला चावंल. लई दिवस झाले गोड खाऊन."

छबुबाईनं वाटी शिगोशीग भरली, वर तूप सोडलं आणि त्याच्या डोळ्यांदेखत गोठ्यात नेऊन म्हशीपुढं पालथी केली. तीच खरकटी वाटी आणून तिनं त्याच्या हातात दिली.

"माजा भाऊ पोतं चाटायचा, मुकादम. तुमी वाटी चाटा."