आतल्या बाजूचे टाके

पडदा वर जातो. उजवीकडे खिडकी, खिडकीशी खुर्ची, खुर्चीत पाय जुळवून बसलेली एक म्हातारी. मांडीवर भरून तयार असलेली पिशवी. मधोमध पायाने चालवायचं शिलाई मशीन. भिंतीवर घड्याळ, दुपारचे तीन. आणि राहत्या खोलीच्या या एवढ्याशा रंगमंचावर इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरणारा एक वाळकुडा माणूस. ओठांत दोन टाचण्या, गळ्यात मापाची फीत. हे आमचे घाईमास्तर.

नाटक कंपनीचा कपडेपट त्यांनी चाळीस वर्षं सांभाळला. राणीची भिकारीण व्हायला मला विंगेत पाऊण मिनिट मिळायचं. मी हात पसरून उभी राहायचे, पाठीवर काहीतरी सळसळायचं, आणि "सुटा, बाई" असं म्हणत मास्तर मला उजेडात ढकलायचे. या माणसाला बसलेलं मी कधी पाहिलं नाही. जेवणसुद्धा उभ्याने, एका हातात डबा आणि दुसऱ्यात इस्त्री.

त्यांचे दोन नियम होते. खुंटीवर जाणाऱ्या कपड्याचा प्रत्येक हूक आणि प्रत्येक चेन लावलेली हवी. उघडा कपडा कशात तरी अडकतो आणि ऐन वेळी दगा देतो. दुसरा नियम, आतली बाजू प्रेक्षकाला दिसत नाही. म्हणून आत सगळा कच्चा कारभार. लांब लांब टाके, लोंबणारे दोरे, अस्तराचं नाव नाही. बाहेरून मात्र सम्राट.

दुसऱ्या नियमाने त्यांना आठवड्यापूर्वी तोंडघशी पाडलं होतं. खिडकीतली ती म्हातारी म्हणजे त्यांची थोरली बहीण, ताई. दहा वर्षांपूर्वी तिचे डोळे गेले, आणि दमा जुना. दम्याचा पंप ठेवायला मास्तरांनी तिला एक पाकीट शिवून दिलं होतं. वरून झकास. आत बिनअस्तराचं कापड दोरे सोडत राहिलं, आणि एक दिवस जिन्यात धाप लागलेली असताना ते दोरे चेनमध्ये गुंतले. चेन हलेना. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकेने कात्रीने पाकीट फाडलं, म्हणून ताई वाचली.

आज पाचच्या गाडीने ताई लेकीकडे निघाली होती, एकटी. सहा तासांचा प्रवास, आणि त्याआधी मास्तरांना तिला नवं पाकीट शिवून द्यायचं होतं. तिला गाडीत बसवून द्यायला मी आले होते.

"विकत मिळतं की हो पाकीट," मी म्हटलं.

"मिळतं. पण अडकलं ते माझं होतं ना?" मास्तर टाचण्यांमधून बोलले.

कापड कपडेपटातलंच, चिंध्यांच्या गाठोड्यातून काढलेलं. एका बाजूला राजाच्या झग्याची मखमल, दुसऱ्या बाजूला हवालदाराची खाकी, म्हणजे पुढचं कुठलं ते ताईला हाताला कळावं. आतून नर्सच्या पोशाखाचं मऊ सुती अस्तर. मखमल आणि अस्तर यांच्या मध्ये चेनची एक कड, खाकी आणि अस्तर यांच्या मध्ये दुसरी, अशा टिपा मारून झाल्या. मग मखमलीवर खाकी, अस्तरावर अस्तर, सगळं उलट्या बाजूने, आणि चारी कडांनी टीप. अस्तराच्या तळाशी तेवढी चार बोटं फट सोडलेली, तिच्यातून पाकीट सुलट करायला.

"दे रे, हात लावून बघू दे," ताई म्हणाली.

"थांब गं. झालंच."

त्यांनी फटीतून हात घातला, आणि हात तिथेच राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"लावली." ते मटकन बसतील असं वाटलं, पण नाही, उलट दोन येरझाऱ्या झाल्या. "चेन लावूनच शिवलं, बाई. अर्धी उघडी ठेवायची असते. तोंडच बंद, तर सुलट होणार कुठून?"

चाळीस वर्षांची सवय. मशीनखाली घालण्याआधी हाताने आपोआप चेन ओढली होती.

"उसवा मग."

"ही मखमल दुसरी टीप धरायची नाही. आताच कडा सुटतायत." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. पावणेचार. "कात्री कुठे गेली? आत्ता इथे होती."

"तुझ्या खिशात," ताई म्हणाली. "आवाज येतोय मगापासून. आण ते इकडे. आणि फेऱ्या मारणं थांबव, मला इथे गरगरतंय."

त्यांनी ते बोचकं तिच्या हातात दिलं. ताईने मान वर केली, डोळे मिटले. एका हाताचं बोट फटीतून आत गेलं. दुसऱ्या हाताने मखमलीवरून चाचपत तिने चेनचं ते छोटं बोंडुक चिमटीत धरलं. आतून बोटाचा रेटा, वरून चिमटीची ओढ. सुईभर सरकलं. थांबलं. पुन्हा सुईभर. मास्तर एका पायावरून दुसऱ्या पायावर.

"घाई करू नकोस," ते म्हणाले.

"कोण सांगतंय बघा," ताई म्हणाली, आणि कर्र करत चेन अर्धी उघडली.

पाकीट सुलट झालं. मखमल बाहेर आली, अस्तर आत गेलं. मास्तरांनी सुई घेतली, उभ्या उभ्या फटीला चार टाके घातले, दोरा दातांनी तोडला आणि पंप आत टाकला. खाली रिक्षा भोंगा वाजवत होती. मी ताईची पिशवी उचलली.

ताई उठली नाही. तिने पंप बाहेर काढून मांडीवर ठेवला, हात पाकिटात घातला आणि आतल्या कडेने बोट फिरवत नेलं. तळाशी बोट थांबलं.

"हे काय रे?"

"ती फट. बंद केलीय. चल आता, सव्वाचार झाले."

"नख अडकतंय माझं. टाके लांब आहेत, आणि एक दोरा लोंबतोय."

"अगं, तिथे आत कोण बघ..."

वाक्य अर्ध्यावरच राहिलं. भोंगा पुन्हा वाजला. मास्तर एकदा दाराकडे गेले, एकदा मशीनकडे, मग परत ताईसमोर येऊन उभे राहिले. ताईचं बोट अजून पाकिटातच होतं.

त्यांनी पाकीट तिच्या हातातून घेतलं. अस्तर बाहेर ओढलं, चारही टाके उसवले. मग पायाने स्टूल जवळ ओढलं आणि त्यावर बसले. गुडघा खाली मशीन चालवल्यासारखा हलत होता, दोरा सुईत जाईपर्यंत तीन वेळा चुकला.

"मास्तर, गाडी," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली नाही.

"त्या रिक्षावाल्याला थांबायला सांगा, बाई. आणि गाडी चुकलीच, तर ताई उद्या जाईल. मला जरा बसून शिवू द्या."