पट्टी बदलायची

गोदाताईंची पट्टी काळी चार, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर त्यांचा सा. तीस वर्षांत त्यांनी ती बदलली नाही. बाकी सगळं बदललं. नांदेडला गुरुजींकडे अकरा वर्षं ख्याल शिकल्या, पण मैफली पुण्याकडच्या गळ्यांना मिळाल्या. मग लातूरच्या एका शाळेत तासिकेवर संगीत शिकवलं. मी तिथलीच त्यांची विद्यार्थिनी. लग्नांत मंगलाष्टकं म्हटली, निवडणुकीत रिक्षावरचा प्रचार गायला. सगळ्यात गाजलं ते घंटागाडीचं गाणं. 'ओला वेगळा, सुका वेगळा' म्हणत ताईंचा आवाज रोज सकाळी गल्लोगल्ली फिरतो. शेवटच्या 'वेगळा'वर त्यांनी वरचा सा लावलाय. कचऱ्याच्या नशिबी एवढा सुरेल सा दुसऱ्या कुठल्या गावात आला नसेल. ताईंना मात्र लाज वाटायची. गाडी आली की खिडकी लावून घ्यायच्या.

यंदा त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, "बोलणं जाणार नाही. वरचा आवाज कदाचित जाईल. रोजच्या कामाला काही अडत नाही."

"मग भ्यायचं काय त्यात?" शेषेराव म्हणाले. हे ताईंचे यजमान, तहसीलमध्ये अव्वल कारकून. माणूस देवासारखा, पण कान दगडाचे.

ताई भ्याल्या. इतक्या की आठ दिवस रियाजच केला नाही, जणू वापरला तर सा संपेल. मला म्हणाल्या, "मेले तर चालंल गं मृण्मयी. पण वरचा सा गेला अन् मी तशीच राहिले तर?"

भीती मलाही वाटत होती.

ऑपरेशन झालं. ताई शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी नाव विचारलं. "गोदावरी," ताई म्हणाल्या. आवाज घोगरा, पण स्पष्ट. शेषेरावांनी वॉर्डभर पेढे वाटले. "बोलून राहिली की! आता अजून काय पाहिजे?"

ताईंनी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवस त्यांनी साधं गुणगुणूनही पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याखाली घंटागाडी आली. मी सवयीनं खिडकी लावायला उठले.

"राहू दे," ताई म्हणाल्या.

आपल्याच आवाजामागून त्या हळूच गाऊ लागल्या. खालचे सूर जागेवर लागले. गाणं शेवटच्या 'वेगळा'पाशी आलं, वर चढायला लागलं, आणि ताईंनी ओठ घट्ट मिटून माझा हात पकडला. वरचा सा गाडीबरोबर कोपऱ्यावरून निघून गेला.

तेवढ्यात शांतम्मा सिस्टर ट्रे घेऊन आल्या. ट्रेमध्ये कापूस, कात्री, मलम.

"काकू, पट्टी बदलायची हाय."

ताईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"आज नको गं," त्या म्हणाल्या. "उद्या बघू."