डायरेक्ट केलेलं इंजिन

आमच्या भागात एक शब्द फार चालतो. डायरेक्ट. यंत्राचा एखादा भाग बिघडला की तो दुरुस्त करायचा नाही, बदलायचाही नाही. तो मधून काढून टाकायचा आणि दोन टोकं एकमेकांना जोडायची. शेतातल्या मोटरचा स्टार्टर डायरेक्ट, घरातला फ्यूज डायरेक्ट, गाडीचा पंखा डायरेक्ट. यंत्र चालू होतं, मिस्त्री हात पुसतो, आणि सगळे त्याला हुशार म्हणतात. मीही म्हणालो होतो.

गाडी वडिलांची. तीन सिलिंडरची, कार्बोरेटरची, वीस वर्षांहून जुनी, सेनगावच्या घरासमोर पत्र्याच्या शेडखाली उभी असायची. मी हिंगोलीत वर्तमानपत्रात कामाला. सुट्टीला गेलो की मीच चालवायचो. इंजिन साधं होतं. खालचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा, वरचं हेड ॲल्युमिनियमचं, मध्ये दोन्हींची सांध बंद करणारं पातळ गॅस्केट. तापल्यावर हे दोन धातू सारखे फुगत नाहीत, ॲल्युमिनियम जास्त फुगतं. म्हणून या इंजिनाचं सगळं आयुष्य पाण्यावर अवलंबून असतं. पाणी तापेपर्यंत थर्मोस्टॅट नावाची लहानशी झडप बंद राहते, तापलं की उघडते आणि पाणी रेडिएटरकडे सोडते. तिथंही ते गार झालं नाही तर एक स्विच पंखा सुरू करतो. झडप, स्विच, पंखा. ज्यानं हे बनवलं त्यानं यातलं काहीही शोभेसाठी ठेवलेलं नव्हतं.

एका उन्हाळ्यात स्विच गेला. नवा नांदेडहून मागवावा लागणार होता. सेनगावचा मिस्त्री वडिलांच्या जुन्या ओळखीचा, तो घरीच आला.

"दोन दिस काहून थांबता? डायरेक्ट करून देतो. चावी फिरवली की पंखा चालू."

झडपही त्यानं तेव्हाच काढली. तळहातावर घेऊन दाखवली. "हे थंड मुलखाचं सामान हाय. आपल्याकडं बारा महिने गरमी. ह्याचं काय काम?"

मी विचारलं, कंपनीनं मग बसवलीच कशाला?

"पेपरवाले, तुमी बातमी लिहा. इंजिन आमी बघतो."

शेडखाली बसलेले सगळे हसले. मीही हसलो. मग म्हणालो, करा. हा शब्द माझा आहे, आणि तो मी कुणाच्या नावावर टाकू शकत नाही.

इंजिन गार ठेवणारं कूलंट संपलं तेव्हा वडिलांनी बोअरचं पाणी भरलं. ते पाणी आमच्या घरातल्या तांब्याच्या हंड्यावरही पांढरा थर चढवतं. हंडा आई चिंच लावून घासते. रेडिएटरच्या नळ्या कोण घासणार, हा प्रश्न घरात कुणाला पडला नाही.

साखऱ्याला माझी बहीण राहते. तिची मुलगी परिचारिकेचं शिक्षण घेऊन दोन वर्षं सरकारी भरतीची तयारी करत होती. जाहिरात निघाली. वयोमर्यादेच्या हिशेबानं तिच्यासाठी ही शेवटची संधी होती. मे महिना, परीक्षा हिंगोलीत, केंद्राचं फाटक सकाळी नऊला बंद. तिनं पहाटेच्या पहिल्या जीपनं निघायचं ठरवलं होतं. मी फोनवर म्हणालो, जीपच्या भरवशावर राहू नको, मी गाडी आणतो.

आम्ही साखऱ्याहून साडेसातला निघालो. वेळ भरपूर होता. सेनगाव ओलांडल्यावर पुलाचं काम चाललं होतं, एकाच बाजूनं वाहनं सोडत होते. पुढं ट्रॅक्टर, मागं टेम्पो, त्यामागं सवारीची जीप, आणि आम्ही उभे. चालत्या गाडीला वारा लागतो, पंखा मेला असला तरी कळत नाही. उभी गाडी मात्र पंख्यावरच जगते.

भाची पुढच्या सीटवर होती. मांडीवर पाण्याची बाटली, पारदर्शक पिशवीत प्रवेशपत्र. ती म्हणाली, "मामा, पंख्याचा आवाज येऊन न्हाई राहिला."

पंखा डायरेक्ट केल्यापासून तो आवाज अखंड होता, आणि अखंड आवाज मी केव्हाच ऐकणं बंद केलं होतं. गाडी चालू असताना सतत फिरून त्याची मोटर जळून गेली होती. केव्हा, ते मला माहीत नाही.

तापमानाची सुई वर चढली होती. मी काच खाली केली आणि वाट पाहिली. मग सुई उतरू लागली. अर्ध्यावर आली, त्याच्याही खाली गेली.

"बघ, गार झाली," मी म्हणालो.

"पण पंखा बंदच हाय ना? मग गार कशी झाली?"

"काटा खोटं सांगतो का?"

"थांबवा मामा. मी मागच्या जीपमध्ये बसते."

"गप बस. पाच मिनिटांत रस्ता मोकळा होतो."

सुईमागचा सेन्सर पाण्यात बुडलेला असतो. पाणी उकळून बाहेर गेलं की तो रिकाम्या जागेत लोंबतो, आणि सुई खाली येते. इंजिन सर्वांत जास्त तापलेलं असताना ती सर्वांत शांत दिसते. हे मला नंतर कळलं. भाचीला सेन्सर माहीत नव्हता. तिनं फक्त एक साधा प्रश्न विचारला होता, आणि प्रश्न विचारण्याचा पगार घेणाऱ्या माणसानं तिला गप बसवलं होतं.

रस्ता मोकळा झाला. थोडं पुढं गेल्यावर इंजिन खडखडलं, बॉनेटमधून वाफ आली, गाडी थांबली. मागची जीप तोवर पुढं निघून गेली होती. भाचीला दुसरी मिळाली, तीही वाटेत दोनदा सवारी भरायला थांबली. भाची फाटकाशी पोचली तेव्हा नऊ वाजून चार मिनिटं झाली होती. चौकीदारानं घड्याळ दाखवलं. त्याचं काही चुकलं नव्हतं. त्या दिवशी काम बरोबर केलेला तो एकमेव माणूस होता.

मिस्त्रीनं हेड उघडलं. पाण्याच्या वाटा पांढऱ्या दगडानं भरलेल्या, गॅस्केट फुटलेलं, ऑइल पाणी मिसळून दुधाळ चहासारखं झालेलं. हेडवर पट्टी धरली तर मधून उजेड दिसला, इतकं ते वाकलं होतं.

"जुनं इंजिन हाय, जायचंच होतं," तो म्हणाला.

मी ओरडलो. काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. माझं संपल्यावर तो म्हणाला, "तुमीच करा म्हणले होते."

वडील म्हणाले, पोरीचं नशीब. हा शब्द मला डायरेक्टपेक्षाही सहन होत नाही. झडप नशिबानं काढली नव्हती. बोअरचं पाणी नशिबानं भरलं नव्हतं. तिला गप बस असं नशीब म्हणालं नव्हतं.

हेड हिंगोलीला लेथवर घासून सपाट केलं. झडप नवी, स्विच नवा, पंख्याची मोटर नवी, रेडिएटर नवा. आठ दिवसांनी मी गाडी साखऱ्याला नेली. बहिणीच्या दारात इंजिन चालूच ठेवलं. भाची कामाला निघाली होती. परीक्षा हुकल्यापासून ती सेनगावच्या एका खाजगी दवाखान्यात जाते. बॅग खांद्याला लावून ती उभी राहिली. बऱ्याच वेळानं पंखा आपोआप सुरू झाला, थोडा फिरला आणि आपोआप थांबला. तिनं पूर्ण ऐकलं.

"आता बराबर हाय," ती म्हणाली.

"बस, सोडतो."

"नको मामा." आणि ती जीपसाठी रस्त्याकडं चालू लागली.