पूर्वेकडचं पाखं

कौलारू छपरावर चालायचं तर माणूस अंगाने हलका हवा, आणि सुंदराचं वजन बेचाळीस किलो. लग्नात तेवढंच होतं, आता बावन्न वर्षांची झाली तरी तेवढंच. कर्जत-खालापुरात आडदांड गडी छपरावर चढवून एक फुटकं कौल बदलायला जाणारे आणि खाली उतरेपर्यंत आणखी चार फोडून ठेवणारे महाभाग काही कमी नाहीत. पुढे तेच घरमालक जूनमध्ये हॉलभर बादल्या मांडून बसतात आणि नशिबाला दोष देतात. नशिबाचा काय संबंध? ऐंशी किलोचा गडी कोणी चढवला होता?

सुंदरा पाऊल टाकते ते खाली रीप, म्हणजे कौलं पेलणारी लाकडी पट्टी, असेल तिथेच. वरून रीप दिसत नाही, पण तिला ती तळपायाला कळते. चवड्यावर, साडीचा काचा घट्ट मारून, अशी चालते की खालच्या माणसाला आवाजही येत नाही. पाडव्यापासून मृगापर्यंत तिला श्वास घ्यायला फुरसत नसते. चौक गावाजवळच्या तिच्या वाडीतून सकाळी निघायचं, टेंपो मिळाला तर टेंपोने, नाहीतर कोणाच्या तरी मोटारसायकलवर, आणि दिवसभर लोकांच्या डोक्यावर चालायचं.

तोंडानेही ती काही कमी नाही. फुकटचा सल्ला देते आणि तो शिव्या घातल्यासारखा देते. "छपरावर आलेली फांदी मे महिन्यात तोडा, बाई. श्रावणात तीच फांदी कौलं घासून सरकवते आन मग तुमी मला फोन करता." पन्हळीतला पाचोळा एकदा पावसाआधी काढायचा आणि एकदा गणपती गेल्यावर, हे ती दरवर्षी त्याच लोकांना त्याच रागाने सांगते. रंगाच्या बाबतीत तर तिचं डोकंच फिरतं. गणपती तोंडावर आले की भर पावसात भिंती रंगवायला काढणाऱ्यांना ती तोंडावर वेडे म्हणते. ओल्या भिंतीवर रंग बसत नाही, पोपडे धरतो. रंग लावायचा तर मे महिन्यात लावा, नाहीतर दिवाळी होऊन भिंती खडखडीत वाळल्यावर. एवढं साधं, पण ऐकतो कोण?

आता गंमत अशी, की एवढं सगळं करणाऱ्या या बाईला मिस्त्री कोणी म्हणत नाही. मिस्त्री तिचा नवरा, गोमा. ती मिस्तरीण. आपल्या भाषेत मिस्त्रीच्या बायकोला मिस्तरीण म्हणतात. बाईच मिस्त्री असली तर तिला काय म्हणायचं, याचा विचार कोणी केलेलाच नाही. आठ वर्षांपूर्वी नेरळला एका छपरावरून गोमा पडला, मांडीचं हाड मोडलं, पाय आखूड झाला. तेव्हापासून तो खाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतो, हातात काठी, आणि वर बघून हुकूम सोडतो. "डावीकडं गं! दुसरी रांग!" सुंदरा "व्हय, व्हय" म्हणते आणि तिला हवं ते करते. वाडीतल्या बायका हसतात, पण तिला त्याचं काही वाटत नाही. पाय गेला, मिस्त्री हे नाव तेवढं राहिलं. तेही आपण काढून घ्यायचं का? एवढी हलक्या मनाची ती नाही.

तर या वर्षी मे महिन्याच्या मध्याला कर्जतच्या द्वारकाबाईंचा निरोप आला. द्वारकाबाई शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, अर्ध्या कर्जतला गणित शिकवलेल्या. घर नीटनेटकं, अंगणात फणस. त्यांच्या हॉलमध्ये पाणी गळायचं, तेही रोज नाही. आठवडाभर धो धो कोसळला तरी टिपूस नाही, आणि एखाद्या दिवशी अर्ध्या तासाच्या सरीत सोफा भिजून चिंब. आतापर्यंत तीन जण येऊन गेले. पाणी हॉलच्या मधोमध, बरोब्बर आढ्याखाली पडतं म्हटल्यावर तिघांनीही आढ्याच्या कौलांवर हात साफ केला. एकाने सिमेंट थापलं, दुसऱ्याने डांबर, तिसऱ्याने कसलंसं पांढरं केमिकल. आढं आता तिरंग्यासारखं दिसत होतं आणि गळत मात्र होतंच.

त्यात बाईंचा मुलगा अजेय पुण्याहून घर नवं करायला आला होता. त्याच्या मोबाइलमध्ये पन्नास फोटो. कौलांखाली पांढरंशुभ्र पीओपीचं छत, त्यात लपवलेले दिवे, भिंतीत कपाटं. पोरगं चांगलं, आईसाठी हौसेने करत होतं. छतवाली माणसं सोमवारी यायची होती आणि आज शुक्रवार.

"एकदा छत लागलं की गळती दिसणारच नाही," अजेय म्हणाला.

"दिसनार नाय, पन थांबनार बी नाय," सुंदरा म्हणाली. "पीओपी पानी पिऊन फुगंल आन एक दिवस आईच्या डोक्यावर येईल. आदी गळती, मग छत. आन छतात एक झडप ठेवा, डोकं घालून वर बगता येईल एवडी. झाकलेलं छप्पर कोन बगत नाय, म्हनून सडतं."

अजेयने ते मोबाइलमध्ये लिहून घेतलं. अंगणातल्या खुर्चीवरून गोमाने निकाल देऊन टाकला, "आढंच हाय. परत उखडून बसवू."

सुंदरा वर गेली. आढं तिने टिचकी मारून पाहिलं, ठणठणीत होतं. तीन तीन थर दिलेले, गळेल कुठून? ती आढ्यावर बसली आणि तिने घाटाकडे पाहिलं. इथला पाऊस समुद्राकडून येतो, पण कधी कधी वारा घाटाला आपटून उलटा फिरतो आणि तेव्हा सर पूर्वेकडून घुसते. हे बाहेरच्या माणसाला कळत नाही, कारण असा पाऊस वर्षातून पाच-सहा वेळाच येतो. पाच-सहा वेळा! सुंदरा आढ्यावरून पूर्वेकडच्या पाख्यावर, म्हणजे छपराच्या त्या बाजूच्या उतारावर, सरकली आणि एकेक कौल हाताने हलवत चालली. एक घट्ट. दुसरं घट्ट. तिसरं खुळखुळलं.

तिने ते उचललं, उलटं केलं. शेजारचं उचललं, तेही उलटं केलं. रंग तोच, आकार तोच, पण पाठीवरचे छाप दोन वेगळ्या कारखान्यांचे. एकाची खाच रुंद, दुसऱ्याची अरुंद. वरून बघितलं तर सख्खी भावंडं, आणि एकमेकांत बसवायला जावं तर बोटभर फट. सरळ पावसाला ती फट कळत नाही. उलट्या वाऱ्याने पाणी फटीतून आत ढकललं की ते वाशावर येणार, वाशावरून आडव्या तुळईवर, आणि तुळई मध्ये जराशी झुकलेली, म्हणून तिच्या मध्यावरून थेट बाईंच्या सोफ्यावर. तिने आणखी दहा कौलं पाहिली, वीस पाहिली. सगळ्या पाख्यात अशीच भेसळ होती.

आणि हे पाखं कोणी घातलं होतं ते सुंदराला ठाऊक होतं. गोमाने घातलं होतं, तो पडला त्याच वर्षी, त्याच उन्हाळ्यात. वळवाने अर्धी कौलं उडवली होती, पाऊस आठ दिवसांवर आला होता, सगळीकडे जुन्या कौलांची मारामार. मिळतील तिथून आणली, मिळतील तशी लावली. शिडीवर उभी राहून एकेक कौल वर देणारी सुंदराच होती. तिने तेव्हाच म्हटलं होतं, "अवो, ही दोन एकात बसत नाय." आणि गोमा वरून, गड्यांच्या देखत, ओरडला होता, "तू कौल दे. अक्कल नको देऊस."

ती पाख्यावर तशीच बसून राहिली. ऊन चटका देत होतं. दोन कौलांचा मामला असता तर तिने गुपचूप बदलून टाकली असती, "आढंच होतं हो" म्हणाली असती, आणि गोमाचा शब्द खरा ठरवून घरी गेली असती. असं तिने आजवर कितीदा तरी केलं होतं. पण हे सबंध पाखं होतं. दोनेकशे कौलं उतरवायची, एका छापाची तेवढीच आणायची, आणि ती का आणायची ते बाईंना सांगायचं. गप्प बसावं, तर सोमवारी छत लागणार आणि एक दिवस त्या म्हाताऱ्या बाईच्या डोक्यावर पडणार. बोलावं, तर ज्या एका नावावर नवरा खुर्चीत ताठ बसतो, ते नाव ह्याच अंगणात मोडणार. खरं सांगायचं तर तिला आठ वर्षांपूर्वीचा रागही आला. 'आता सांग म्हणावं, कोणाला अक्कल नव्हती ते!' असं अगदी ओठांवर आलं. मग तिने खाली पाहिलं. गोमा मान वर करून, डोळ्यांवर हात धरून, तिची वाट बघत होता. राग गेला नाही, पण ओठांवरचं तिने गिळलं.

दोन कौलं काखेत मारून ती खाली आली. बाई आणि अजेय आत चहाचं बघत होते. ती गोमाच्या खुर्चीजवळ उकिडवी बसली आणि कौलं त्याच्या मांडीवर ठेवली.

गोमाने एका कौलाच्या खाचेतून अंगठा फिरवला. मग दुसऱ्याच्या. मिस्त्रीचाच अंगठा तो, त्याला कळायला वेळ लागला नाही.

"किती हायत?" त्याने विचारलं.

"आख्खं पाखं."

"पूर्वेकडचं?"

"व्हय."

गोमाचा चेहरा उतरला. मग त्याला राग आला, तिचा की स्वतःचा, देव जाणे. "आठ वर्सं टिकलं ना? कौल कौलच असतं. तू आढं उखडायला घे, मी सांगतो ना!"

"आढ्याला कायबी झालं नाय."

"लोकांम्होरं माजी अब्रू काडनार तू?"

"मी नाय काडनार," सुंदरा म्हणाली. "पन मी खोटं बी नाय बोलनार. बाईंच्या डोक्यावर छत पडंल ते मला बगवनार नाय. तुमी सांगा, नायतर मी फकस्त एवडंच सांगते की कौलं जुळत नायत. कोनी लावली ते नाय सांगनार. तुमचं नाव माज्या तोंडातून येनार नाय."

एवढ्यात चहा आला. द्वारकाबाईंनी ट्रे ओट्यावर ठेवला आणि जन्मभराच्या सवयीने उत्तर मागितलं, "काय मग, गोमा मिस्त्री? सापडलं का?"

सुंदराने कप हातात घेतला. गोमाने काठी टेकली आणि तो खुर्चीतून उठला. त्याला उठायला वेळ लागतो; अजेय हात द्यायला पुढे आला, तर त्याने त्याला थांबवलं.

"सापडलं, बाई," तो म्हणाला. त्याने दोन्ही कौलं बाईंच्या समोर धरली. "ही दोन जातीची कौलं हायत, एकात बसत नायत. पूर्वेकडच्या पाख्याला सगळी अशीच हायत, आन ती मी लावली. आठ वर्सांमागं, घाईत." इथे तो थांबला. सुंदराला वाटलं, संपलं, एवढं बोलला हेच खूप झालं. पण गोमा पुढे बोलला. "हिनं तवाच सांगितलं व्हतं, बसत नाय म्हनून. मीच हिला गप केलं."

आठ वर्षं सुंदराला वाटत होतं, ते वाक्य आपल्या एकटीलाच आठवतंय.

द्वारकाबाईंनी दोन्ही कौलं उलटून पाहिली. वर्गात चूक कबूल करणारा मुलगा त्यांना कितीदा भेटला असेल, पण साठीचा मिस्त्री बहुधा पहिलाच. त्या रागावल्या नाहीत. "बरं झालं छत लावायच्या आधी कळलं," एवढंच म्हणाल्या. मग पुन्हा सवयीने त्याच्याकडेच वळून विचारलं, "आता काय करायचं, मिस्त्री?"

"मला नका इचारू," गोमा म्हणाला. "मिस्त्री ही. मी हिचा मानूस."

अजेय हसला. त्याला वाटलं, 'माणूस' म्हणजे हाताखालचा गडी, मिस्त्री गंमत करतोय. द्वारकाबाईंना वाटलं, 'माणूस' म्हणजे नवरा, ते तर त्यांना माहीतच होतं. सुंदराला मात्र दोन्ही अर्थ एकदमच कळले आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते तिने पदराने पुसलं, सगळ्यांच्या देखत, आणि घसा खाकरून हिशेबाला लागली.

"छतवाल्यांना सोमवारी नको, पुडच्या सोमवारी बोलवा," तिने अजेयला बजावलं. "कौलं खोपोलीच्या इद्रिसभाईंच्या वखारीतून आनायची, मी येते बरोबर. पाठ बगितल्याशिवाय एक कौल घ्यायचं नाय. आन आज पाखं निम्मं उतरवून घेते, वर प्लास्टिक बांदते. वळवाचा काय भरवसा!"

चहा तिने उभ्या उभ्याच संपवला. काचा आवळला, शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. शिडी जरा हलली.

"अवो मानूस," ती मागे न बघता म्हणाली, "शिडी धरा."

गोमाने काठी फणसाला टेकवून ठेवली आणि दोन्ही हातांनी शिडी धरली.