सरकारी हिरवं

शुक्रवारी दुपारी निकाल लागला. सुभद्रामावशीला जन्मठेप झाली. संध्याकाळी तुरुंगात तिची साडी जमा करून घेतली आणि हिरवी साडी हातात दिली. शिक्षा झालेल्या बायकांना तिथे हिरवी साडी मिळते.

खटला नवऱ्याच्याच मृत्यूचा होता. मावसा शेतातल्या विहिरीत बुडाले आणि तिच्या दिराने पोलिसांत मावशीचे नाव घेतले. साडी बघून ती जमादारणीला म्हणाली, "बाई, मालक मेलाय माझा. हिरवं कसं नेसू?"

"इथं नवरा बघून साडी देत नाहीत, शिक्षा बघून देतात."

मी भेटायला गेले तेव्हा जाळीपलीकडून तिनेच हे सांगितले आणि हसली. "गावानं कुकू पुसलं, सरकारनं सवाष्ण केली. आता ओटी भराया कोन येतंय, ते बघून राह्यले."

माझी आई मी तीन वर्षांची असताना गेली. मला वाढवले ते मावशीने. मी पुस्तक घेऊन बसले की ती कामाला उठवत नसे. "वाच. तुझ्या डोक्यात गेलं तर घरात कुनाच्या तरी गेलं."

सात वर्षांनी वरच्या कोर्टाने तिला निर्दोष सोडले. जमा केलेली साडी परत मिळाली, ती घडीवर विरलेली होती. मावशी अंबडला माझ्याकडे राहायला आली. रोज सकाळी साडी धुवायची आणि वाळली की तुरुंगातल्यासारखी वीतभर घडी करून उशाशी ठेवायची.

"कोण तपासायला येणार आहे, मावशी?"

"कोन्ही न्हाई. पन घडी मोडलेली दिसली की छाती धडधडती. मंग काय करू?"

हिरव्या रंगाकडे ती बघतही नसे. पण मला सातवा महिना लागला तेव्हा स्वतः बाजारात जाऊन हिरवी साडी घेऊन आली. फॉल लावला, पदराला गोंडे केले. शिवण ती आत शिकली होती. "डोहाळजेवणाला हीच नेस. अन् पहिली ओटी मी भरनार. हिरव्यातलं माझ्याइतकं कुनाला कळतंय?"

त्या दिवशी ती नारळ घेऊन माझ्यासमोर आली. मागून सासरची एक बाई म्हणाली, "पहिल्या ओटीला हिचा हात?" सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले. शाळेत मी मुलींना विधवांच्या प्रथांवर निबंध लिहायला लावते.

मी म्हणाले, "मावशी, तू जरा स्वयंपाकघरात बघतेस?"

तिने नारळ ताटात ठेवला. "बराबर हाय," ती हळू आवाजात म्हणाली. "तिथं नको म्हनलं तरी नेसवलं. इथं हात लावू देत न्हाईत. तुझ्यापरीस जमादारीण बरी. तिनं कारन तरी सांगितलं."

ओटीला मी मावशीची नव्हे, सासरची साडी नेसले. मावशीने तो विषय पुन्हा काढला नाही. माझ्या मुलीला मात्र तिनेच न्हाऊमाखू घातले, शाळेत सोडले.

गेल्या पौषात ती गेली. काय नेसवायचे, असे शेजारच्या काकूंनी विचारले. मी कपाट उघडले आणि तिने माझ्यासाठी आणलेल्या हिरव्या साडीवर हात ठेवला. बाहेर माणसे थांबली होती. मी पांढरी साडी काढून दिली.

हिरवी साडी कपाटात आहे. तिने केलेली घडी अजून मोडलेली नाही.