व्याह्यांना बंदी

माझ्या धाकट्या बहिणीच्या होणाऱ्या सासऱ्यांना मी चोर म्हटलं. तेही लेखी.

आता तुम्ही म्हणाल, कशी ही बाई! पण आधी ऐका, कारण या सगळ्या प्रकरणात शहाणपणा एकानेही केला नाही, आणि शिव्या मात्र मी एकटीने खाल्ल्या. अजूनही आठवलं की माझं डोकं तापतं.

केतकीचा साखरपुडा झाला आणि फोटोंचा पूर आला. प्रत्येक नातेवाईक प्रत्येक ग्रुपवर तेच फोटो टाकत होता. बाबांचा फोन भरला. केतकी म्हणाली, फोटो इंटरनेटवर ठेवा, तर बाबा भडकले. "ते इंटरनेटवर ठेवायचं म्हणजे कुणा परक्याच्या कॉम्प्युटरवर ठेवायचं ना? आपल्या मुलीचे फोटो दुसऱ्याच्या घरी कशाला?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी बेलापूरच्या एका ऑफिसात सर्व्हर सांभाळते, आणि घरात त्याचं कौतुक कुणाला नव्हतं. (आई शेजारणींना सांगते, "मीनल कॉम्प्युटर रिपेअर करते.") मी म्हटलं, "आपला स्वतःचा सर्व्हर करू, म्हणजे फोटो आपल्याच घरातल्या कॉम्प्युटरवर राहतील. सगळं सॉफ्टवेअर ओपन सोर्स, म्हणजे कुणीही घ्यावं, उघडून बघावं, वापरावं."

"फुकट?" बाबांनी संशयाने विचारलं. "मग त्यात काहीतरी खोट असणार."

खोट होती, पण सॉफ्टवेअरमध्ये नव्हती.

माझा जुना कॉम्प्युटर फ्रीजवर चढवला. त्याला ना पडदा, ना कीबोर्ड, नुसता घरघरणारा डबा. त्यावर लिनक्स टाकलं, फोटोंचा प्रोग्राम बसवला, प्रत्येकाला पासवर्ड दिला आणि बाहेरून उघडता येईल अशी सोय केली. आणि नोंदी उघडून बघते तर काय! जगभरातले अनोळखी मेले आमच्या दारावर धडका देतायत! पासवर्ड लाव, चुकला, दुसरा लाव! केतकीच्या साखरपुड्याचे फोटो यांना कशाला हवेत?

मी अशी संतापले की तिथेच बंदोबस्त केला. तीनदा पासवर्ड चुकला की त्या पत्त्यावरून येणाऱ्या सगळ्यांना बंदी. वर रागाच्या भरात त्यांच्यासाठी एक पाटीही लिहिली: "चोरा, तुझा पत्ता नोंदवून ठेवला आहे. लाज असेल तर पुन्हा या दाराशी फिरकू नकोस!"

(परदेशातल्या चोराला मराठी कसं कळणार, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. ज्यांना मराठी कळतं, अशांपैकी कोण येणार, हाही नाही.)

केतकीचे सासरे म्हणजे पनवेलजवळच्या विचुंब्याचे नानाशेठ. जमीनजुमलावाले, मनाने मोकळे, पण राग नाकाच्या शेंड्यावर. त्यांना पासवर्ड सांगायचं काम बाबांनी हौसेने अंगावर घेतलं आणि फोन लावला.

"लिहून घ्या नानाशेठ. मोठा के. मग ॲट."

"आठ?"

"आठ नाही हो, ॲट! इंग्रजी ए असतो ना, त्याला गोल गुंडाळलेला."

"गुंडाळलेला कुठं हाय? आमच्या फोनमधी नाय तसला!"

"जिलेबीसारखा दिसतो!"

"व्याही, तुमी फोटो दाखवताय का फराळ?"

मी मागून ओरडत होते, "बाबा, मेसेज करा ना!" बाबा म्हणाले, "पासवर्ड लिहून पाठवायचा नसतो, तूच सांगितलं होतंस." माझं एवढं एकच वाक्य आयुष्यात त्यांनी ऐकलं, आणि तेही नेमकं त्या दिवशी.

नानाशेठांचा पासवर्ड चुकला. मग त्यांच्या बायकोने प्रयत्न केला, मग धाकट्या भावाने, मग थोरल्या सुनेने. एकत्र कुटुंब, घरात एकच वायफाय, म्हणजे सर्व्हरच्या लेखी सगळ्यांचा पत्ता एकच. माझ्या सर्व्हरला वाटलं, विचुंब्याहून हल्ला झाला! त्याने अख्ख्या घराला बंदी घातली आणि प्रत्येकाच्या फोनवर माझी पाटी झळकवली.

लगेच फोन आला. बाबांनी कौतुकाने स्पीकर लावला.

"आमी चोर काय?" नानाशेठांचा आवाज जिन्यापर्यंत गेला असेल. "तुमीच बोलावलं आनि दारात उभं करून चोर बोलता? लाज काढता आमची? थांबा, येतो आमी तिकडं!"

बाबांच्या हातातून फोन गळला. आई देवासमोर बसली. केतकी खोलीतून वादळासारखी आली.

"काय लिहिलंस तू?"

"अगं, ते हॅकर लोकांसाठी होतं."

"माझे सासरे हॅकर आहेत का? त्यांना फोनवर जिलेबी सापडत नाही! माझं लग्न मोडलं ना, तर तुझ्या त्या डब्यावर माझाच फोटो लाव, हार घालून!"

"मला काय ओरडतेस? बाबांना ओरड!"

"मला का?" बाबा गरजले. "चोर मी लिहिलं? आणि मी तेव्हाच म्हटलं होतं, फुकटात खोट असते!"

मी चिडून लॅपटॉप उघडला. म्हटलं, सगळ्या जगाला दार बंद करते आणि फक्त आमच्या दोन घरांना आत सोडते. हुकूम दोन होते. आधी आपल्यांना सोडायचं, मग जगाला अडवायचं, हे ऑफिसात मी नवीन मुलांना रोज शिकवते. इथे मी आधी जगाला अडवलं. दार धाडकन बंद झालं आणि मी स्वतःच बाहेर राहिले!

आता उपाय एकच. डबा फ्रीजवरून उतरवून हॉलमधल्या टीव्हीला जोडायचा आणि त्याला कीबोर्ड लावायचा. विचुंब्याहून आमच्या नवीन पनवेलच्या बिल्डिंगपर्यंत यायला गाडीला वेळ तो किती! मी वायर लावून जमिनीवर फतकल मारून बसले आणि बेल वाजली. नानाशेठ, त्यांच्या पत्नी, भाऊ आणि नवरा मुलगा रोशन, सगळे आत आले. कुणी हसलं नाही. कुणी पाणी घेतलं नाही.

"कुठं हाय ती मशीन?" नानाशेठांनी विचारलं.

समोर टीव्हीचा भला मोठा काळा पडदा. त्यावर माझं नाव आणि पासवर्डची वाट बघणारी रेघ. "काका, आत्ता दोन मिनिटांत दुरुस्त करते," म्हणून मी पासवर्ड मारला. एक डोळा नानाशेठांच्या मिशीवर होता. 'लॉगिन इनकरेक्ट.' पुन्हा मारला. इनकरेक्ट. माझ्या पाठीवर सगळ्यांच्या नजरा. मी दात-ओठ खाऊन एकेक बटण आपटलं. इनकरेक्ट! आणि मग पडद्याने जाहीर केलं की हे खातं आता काही काळ बंद.

नानाशेठ पडद्याजवळ सरकले.

"काय लिवलंय रे ते?" नानाशेठांनी रोशनला विचारलं.

रोशन चाचरत म्हणाला, "पप्पा, ते तिलापण आत घेत नाय."

"तिनंच बनवलं ना?"

"हो."

"तिच्याच घरात ना?"

"हो."

नानाशेठ सोफ्यावर टेकले. आधी त्यांचं पोट हललं, मग मिशी, आणि मग असे खदाखदा हसले की त्यांच्या पत्नीला त्यांची पाठ चोळावी लागली. "आरं देवा! मंग आमी कशाला रागवायचं? व्याही, पानी आना. आनि पोरी, ते फोटो पेनड्राईव्हमधी घालून दे गुपचूप!"

केतकी माझ्याशी बोलली ती हळदीच्या दिवशी, आणि तेही "बाजूला हो" एवढंच.

डबा पुन्हा फ्रीजवर गेला. बंदी मी उठवली, पाटी काढली, तरी तिथे आता कुणीही जात नाही. फक्त आई जाते. थंडीत दही लागत नाही म्हणून ती विरजणाचं भांडं त्या गरम डब्यावर ठेवते. परवा मी सुट्टीचा अख्खा दिवस घालवून त्याची कामगिरी सुधारली, नको ते सगळे प्रोग्राम बंद केले. डबा गारेगार! स्वतःवरच खूश होऊन झोपले.

सकाळी आई स्वयंपाकघरातून कडाडली, "मीनल! काय करून ठेवलंस त्याला? दही पाण्यासारखं झालंय!"

मी निमूटपणे ते सगळे प्रोग्राम पुन्हा चालू केले. ऑफिसात लोक मला सर्व्हरतज्ज्ञ म्हणतात. घरी मी विरजण-विभागाची प्रमुख आहे, आणि तेही अजून पक्कं नाही!