एका पेशीच्या लेकी

मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करत होते तेव्हाची गोष्ट. उंदराची जखम भरून काढणाऱ्या पेशी कुठून येतात, कशा वाढत जातात, हे मला शोधायचं होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात चोपड्याला घरी आले, आणि मांडे करताना आईचं मनगट तापल्या खापराला टेकलं. फोड आला, फुटला. मग रोज सकाळी मी तिचा हात उजेडात धरून न्याहाळायला लागले.

"डॉक्टरनी शे का तू?" आई हसली. "तठे उंदीरस्ले काय करस, ते तरी सांग."

ओट्यावर बसून मी सांगितलं. निरुपद्रवी केलेल्या विषाणूबरोबर आम्ही एक जनुक उंदराच्या कातडीत सोडतो. वाढणाऱ्या एखाद्या पेशीत ते शिरलं की तिथलंच होतं. त्या पेशीच्या दोन होतात तेव्हा दोन्ही लेकींत उतरतं, मग नातींत, पणत्यांत. पुढे कातडीला एक रसायन लावलं की तेवढंच कुळ निळं दिसतं.

"पन तो उंदीर जित्ता ऱ्हास का?"

जखम भरेपर्यंत हिंडतो, खातो. बघायच्या वेळी मात्र जिवंत नसतो, असं मी खरं ते सांगितलं. आई म्हणाली, "तवलोंग त्याले नीट संभाय."

तोवर तरी त्यांना नीट सांभाळायचं म्हणून पुण्याला परतल्यावर मी पिंजरे स्वतः साफ करू लागले. बरेच महिने निळा ठिपकाही दिसला नाही. मग एका दुपारी, जखमेच्या काठापासून मध्यापर्यंत सरकत गेलेला निळा पट्टा भिंगाखाली आला, आणि मी एकटीच मोठ्यानं हसले.

पुढे जळगावला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागले. आई आली तेव्हा पुण्याहून आणलेली, त्या निळ्या पट्ट्याची काचपट्टी तिला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. बराच वेळ ती डोळा लावून उभी होती.

"ह्या बठ्ठ्या एकच मायन्या पोरी शेतस का?"

हो, सगळ्या एकाच आईच्या, मी म्हटलं.

पुढच्या सुट्टीत ती गल्लीतल्या चार बायकांना घेऊनच आली. सूक्ष्मदर्शकाशी रेटारेटी झाली. एकीनं नेमका बघायचा डोळाच मिटून घेतला आणि काहीच दिसत नाही म्हणून रुसली. आईनं तिची हनुवटी धरून डोकं नीट बसवलं, आणि मी सगळ्यांसाठी चहा सांगायला गेले.